ग्राउंडच्या आधी बर्फ: पोटात चालेल, पायावर नको

प्रिय ताई,

मी २२ वर्षांची, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पोलीस भरती आणि वनरक्षक, दोन्हींची तयारी चालू आहे. पोलीसला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. वनरक्षकला ३ किलोमीटर धावणं आणि पुढे ४ तासांत १६ किलोमीटर चालणं. सध्या तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, त्यामुळे पहाटे घरच्यांसोबत जंगलात जाते, दुपारभर पुडे बांधते आणि ग्राउंड संध्याकाळी पाचला करते. पहाटे रस्त्यावर एकटीने धावायची सोय नाही, आमच्याकडे वाघ आहे. पाच वाजतासुद्धा इतकं तापलेलं असतं की दुसऱ्या राऊंडलाच डोकं भणभणतं. ॲकॅडमीतली मुलं धावायच्या आधी डोक्यावर बर्फाचं पाणी ओततात. मैत्रिणीनं मोबाईलवर पाहिलं की परदेशातले खेळाडू शर्यतीआधी बर्फाच्या टबात बसतात, बर्फाचं जाकीट घालतात. आजी म्हणते, घामाच्या अंगावर गार पाणी घेतलं तं सर्दगर्मी होते, मरशील. आधी अंग गार करून धावलं तर खरंच फायदा होतो का? आणि आमच्यासारख्यांनी ते करायचं कसं? टब तर नाहीच.

— एक भरतीवाली

प्रिय भरतीवाली,

वाघाची ओळ वाचली आणि एक गोष्ट लगेच ठरवली, की ‘पहाटे लवकर उठून धाव’ हा सल्ला तुला द्यायचा नाही. तो सल्ला शहरातल्या जॉगिंग ट्रॅकवर बसून देणं फार सोपं असतं. तू पहाटे आधीच कामावर असतेस, आणि तुझ्या रस्त्यावरची अडचण गजराच्या घड्याळाने सुटणारी नाही. तेव्हा संध्याकाळ धरूनच बोलू.

आधी सरळ उत्तर. १०० मीटर, ८०० मीटर आणि गोळाफेक यांच्या आधी बर्फाचं नाव काढू नकोस, तोटाच होईल. ३ किलोमीटरच्या आधी थोडा उपयोग आहे, पण तो अंग गार करण्यापेक्षा अंग तापू न देण्यात जास्त आहे. तुझ्या संध्याकाळच्या पाऊण-एक तासाच्या सरावाला मात्र आधी गार होण्याचा चांगला फायदा मिळेल. १६ किलोमीटरच्या चालीत सुरुवातीला मिळवलेला गारवा तासाभरातच संपतो. तिथे वाटेत काय करतेस ते महत्त्वाचं.

असं का, ते आकड्यांनी बघ. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम पाव पाय हलवायला लागते, बाकी सगळी उष्णता होऊन अंगातच उतरते. माणूस किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक किलोकॅलरी जाळतो. तुझं वजन ५२ किलो धरू. ८०० मीटरला ४२ किलोकॅलरी झाल्या, त्यातली तीसेक उष्णता. ५२ किलोचं अंग एका अंशाने तापवायला साधारण ४३ किलोकॅलरी लागतात. म्हणजे यातली जराही उष्णता बाहेर गेली नाही असं मानलं, तरी ८०० मीटरच्या शेवटी तुझं अंग पाऊण अंशानेच तापेल. एवढ्याने कुणी थकत नाही. ८०० मीटरला तू थकतेस ती दम आणि पाय यांमुळे. त्यावर बर्फ हा इलाज नाही.

३ किलोमीटरला हाच हिशोब पावणेतीन अंशांपर्यंत जातो. थोडी उष्णता घामावाटे निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमीच होते. पण तू आधीच ३८ अंशांवरून सुरुवात केलीस, तर शेवटचे दोन राऊंड जड जाणार. भरतीच्या मैदानावर उन्हात रांगेत दोन तास उभं राहून नेमकं हेच होतं.

आता मूळ मुद्दा. १९९९ साली एका संशोधनात सात सायकलपटूंना ४० अंशांच्या खोलीत दमेपर्यंत सायकल मारायला लावली. त्याआधी त्यांना अर्धा तास पाण्यात बसवलं होतं, एकदा गार, एकदा कोमट, एकदा गरम. त्यामुळे त्यांच्या शरीराच्या आतलं तापमान सुरुवातीला अनुक्रमे सुमारे ३६, ३७ आणि ३८ अंश होतं. गार होऊन आले तेव्हा ते ६३ मिनिटं टिकले, नेहमीच्या तापमानाला ४६ मिनिटं, आणि तापून आले तेव्हा २८. पण तिन्ही वेळा त्यांनी सायकल सोडली ती आतलं तापमान ४० अंशांच्या जरासं वर गेल्यावरच. ४० ची वेस बर्फाने मागे सरकत नाही. तिथे पोहोचायला वेळ लागतो, एवढंच. आणि वेस गाठण्याआधीच तुझी शर्यत संपत असेल, तर त्या वेळेचं करायचं काय?

म्हणून तू १०० मीटर आणि गोळ्याचं विचारलंस तिथे माझं उत्तर इतकं ठाम आहे. स्नायू गार पडला की त्याचा झटका कमी होतो. स्नायूचं तापमान एका अंशाने उतरलं तर ताकदीत तीन ते पाच टक्के घट होते, असं मोजलं गेलंय. १०० मीटरला तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. भरतीत अर्ध्या सेकंदाने काय होतं ते मी तुला सांगायला नको. मांड्यांवर, पोटऱ्यांवर बर्फाचं पाणी ओतून स्टार्ट लाईनवर उभी राहणारी मुलं स्वतःचे गुण स्वतःच कापून घेत असतात. गोळाफेकीच्या आधी तर हात-खांदे गरमच हवेत.

मैत्रिणीने पाहिलेलं बर्फाचं जाकीट खरं आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचे नौकानयनपटू असली जाकिटं घालून वॉर्मअप करत होते. २००४ साली अथेन्सच्या भर उन्हाळ्यातल्या मॅरेथॉनआधी अमेरिकेच्या डीना कॅस्टर आणि मेब केफ्लेझिगी या दोघांनी ती घातली. डीनाला कांस्य मिळालं, मेबला रौप्य. पण जाकीट कुठे असतं ते बघ: छाती-पाठीवर. पाय उघडे, आणि पाय चालूच. वॉर्मअपमध्ये पाय तापवायचे आणि त्याच वेळी धड तापू द्यायचं नाही, ही त्यामागची युक्ती. तुझ्याकडे जाकीट नाही, पण दुपट्टा आहे. तुझ्या भागातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो बरंच काम करतो, त्याकडे येतेच. टबात गळ्यापर्यंत बसण्याचा नाद मात्र सोडून दे. त्याने पाय गार पडतात, कुडकुडायला होतं, आणि टबातून उठून मैदानापर्यंत जाईस्तोवर निम्मा फायदा उडालेला असतो.

आता पोटातला बर्फ. सगळ्या उपायांत मला हाच सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो स्वस्त आहे, पाय गार करत नाही आणि नुसत्या गार पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढतो. शाळेत शिकलेली गोष्टच आहे: एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि वितळलेलं ते पाणी अंगाच्या तापमानाला यायला आणखी ३७. म्हणजे ग्रॅममागे ११७. फ्रिजमधलं पाणी पिलीस तर ग्रॅममागे तेहतीसच. २०१० मध्ये एका प्रयोगात दहा जणांना ३४ अंशांत दमेपर्यंत पळवलं. आधी एकदा ४ अंशांचं गार पाणी दिलं आणि एकदा तितक्याच वजनाचा बर्फाचा चुरा. पाणी पिऊन ते सरासरी ४० मिनिटांच्या थोडं पुढे पळाले, बर्फ खाऊन ५० मिनिटं. बर्फाचं प्रमाण होतं शरीराच्या दर किलोमागे साडेसात ग्रॅम. तुझ्यासाठी ते जवळपास ४०० ग्रॅम होतं.

पण पहिल्याच दिवशी ४०० ग्रॅम खाऊ नकोस. निम्म्याने सुरू कर. घरी किंवा शेजारी फ्रिज असेल तर पिण्याच्या पाण्याचा बर्फ लाव, स्वच्छ फडक्यात बांधून वरवंट्याने बारीक ठेच, त्यात थोडं लिंबूसरबत (साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं) ओत. चमच्याने उचलता येईल पण वाटीतून ओघळेल इतपत पातळ. हा गोळा फेकायचा नसून खायचा आहे, हे ॲकॅडमीतल्या मुलांना सांगून ठेव. धावायच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरुवात कर आणि वीस-पंचवीस मिनिटांत चघळत संपव. घाईने गिळलास तर कपाळात सणक जाईल आणि पोटात गोळा येईल. थर्मासमध्ये हा चुरा तासभर टिकतो, तेव्हा मैदानावर नेता येईल. आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नकोस. काहींच्या पोटाला हे झेपत नाही. ते सरावातच कळू दे.

बर्फ कुठला, हे त्याहून महत्त्वाचं. टपरीवरची लादी किंवा मासळीवाल्याचा बर्फ पोटात घालू नकोस. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, पण निळा दिसला नाही म्हणून तो खाण्याचा, असा अर्थ काढू नकोस. ग्राउंडच्या आदल्या दिवशी जुलाब लागले तर वर्षभराची मेहनत गेली. घरच्या पाण्याचा बर्फ नसेल तर माठाचं पाणी पी. फायदा कमी, पण धोका नाही.

दुपट्ट्याकडे वळू. तुझा भाग उन्हाळ्यात भाजून काढतो, पण तिथली हवा कोरडी असते. घामाचं किंवा पाण्याचं एक लिटर उडून जाताना ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. माठ आणि कूलर याच्याच जोरावर चालतात. बाहेर ४२ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर वाऱ्यावर धरलेला ओला दुपट्टा २२ अंशांच्या आसपास उतरू शकतो. मुंबईला ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तोच दुपट्टा २९ च्या खाली येत नाही. तुला एखादा फॉर्म नवी मुंबईसाठी भरायचा असेल किंवा भरतीची तारीख पावसाळ्यात लागली, तर हा फरक लक्षात ठेव. दमट हवेत ओलं कापड अंगाला नुसतं चिकटतं आणि उलट अडचण करतं. तिथे बर्फाचा चुराच उपयोगी.

तुझ्याकडे मे महिन्यात असं कर. धावायच्या वीस मिनिटं आधी सावलीत बस. माठाच्या पाण्यात भिजवलेला सुती दुपट्टा मानेवरून छातीपर्यंत घे. वारा येईल अशा जागी, कूलरसमोर बसायला मिळालं तर उत्तमच. आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव. हात बुडवण्याची ही पद्धत आगीत काम करणाऱ्या अग्निशमन दलाच्या लोकांसाठी वापरतात. तळहात आणि पुढच्या हातातून खूप रक्त फिरतं, ते गार होऊन आत जातं. पाय कोरडे ठेव. मग दुपट्टा गळ्यात असतानाच पायांचा हलका वॉर्मअप कर, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. भर उन्हात वीस-वीस मिनिटं वॉर्मअप घेणारे सर मी पाहिलेत. मुलं शर्यतीआधीच शिजलेली असतात.

डोक्यावर पाणी ओतण्याने बरं वाटतं, आणि बरं वाटण्यालाही किंमत आहे, नाही असं नाही. पण तेवढ्याने आतलं तापमान फारसं हलत नाही. त्याहून सावध राहायचं ते डोक्याला लावायच्या थंडाव्याच्या तेलांपासून. त्यातल्या मेंथॉलमुळे कातडीला गार ‘वाटतं’, अंग गार होत नाही. त्या भरात तू जास्त जोरात पळतेस आणि आत तापमान चढतच राहतं. ग्राउंडच्या आधी ते तेल नको. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, त्याने बरं-वाईट काहीच होत नाही.

आजीच्या सर्दगर्मीबद्दल. घामाच्या अंगावर पाणी घेतल्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंनी होते. तरीही तिच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. तापलेल्या अंगावर एकदम बर्फाचं पाणी पडलं की श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो. तुझ्या वयाच्या निरोगी मुलीला त्याचा त्रास क्षणभराचा, पण हृदयविकार असलेल्या माणसाला तो महागात पडू शकतो. तेव्हा ओतायचंच झालं तर हात, मान, मग छाती असं हळूहळू. मात्र याच समजुतीमुळे ऊन लागलेल्या माणसाला कुणी पाणी लावत नाही, आणि तिथे ती जीवघेणी ठरते. त्याबद्दल शेवटी लिहिते.

बर्फापेक्षा मोठी गोष्ट तुझ्याकडे आधीच आहे, आणि तिची तुला कल्पना नसावी. रोज तासभर घाम निघेल असं उन्हात काम केलं, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त येतो, घामावाटे मीठ कमी जातं, त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी होतात. याची बरोबरी कुठलंही जाकीट करत नाही. तेंदूच्या हंगामाने हे तुला फुकट दिलंय. एसी हॉस्टेलमधून थेट मैदानावर येणाऱ्या मुलीला ते विकतही मिळणार नाही. पण उन्हातलं काम थांबलं की दोन-तीन आठवड्यांत हे ओसरतं. हंगाम संपल्यावरही दिवसाआड तरी घाम निघू दे.

याची दुसरी बाजू म्हणजे संध्याकाळी पाचला तू ताजी नसतेस. पहाटेपासून वाकून पानं तोडलीस, भारा वाहिलास, पुडे बांधलेस. त्यातून अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं. दुसऱ्या राऊंडला डोकं भणभणतं त्याचं पहिलं कारण मला हे वाटतं, ऊन त्यानंतर. लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी जोराचं धावणं रद्द. दुपारी जेवणाबरोबर ताक, चारच्या सुमारास मीठ-साखरेचं कैरीचं पन्हं किंवा ओआरएस. गावात वजनकाटा असेल तर सरावाआधी आणि नंतर वजन कर. एक किलोपेक्षा जास्त घटलं तर पाणी कमी पडतंय. वजन वाढलं असेल तर जास्त पितेस, आणि तेही धोक्याचं: नुसतं पाणी बेसुमार पिऊन रक्तातलं मीठ उतरतं, त्यातही चक्कर आणि उलट्या येतात.

वेळही बदल. पाचला जमीन आणि डांबर दिवसभराची उष्णता ओकत असतात. मे महिन्यात तुझ्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो. सहाला तयारी आणि सव्वासहाला धावणं, एवढा सव्वा तासाचा फरक बर्फाच्या दोन वाट्यांपेक्षा जास्त काम करेल. तिन्हीसांजेला रस्त्याने धावू नकोस, ती वाघाचीही वेळ. गावातल्या शाळेचं पटांगण गाठ. दोनशे मीटरची फेरी आखून घेतलीस तर ३ किलोमीटरचे १५ राऊंड होतात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण माणसं जवळ असतात, आणि पाण्याची बादली प्रत्येक राऊंडला हाताशी येते.

पाळी येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत बाईचं अंग मुळातच ०.३ ते ०.५ अंशांनी जास्त तापलेलं असतं. त्या दिवसांत तोच वेग जड गेला तर तयारी बिघडली असं समजून रडत बसू नकोस. ताप, जुलाब किंवा रात्रीचं जागरण असेल त्या दिवशी उन्हात धावायचं नाही. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, तेव्हा गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचार. आणि ग्राउंडच्या सकाळी कुणी ‘दम वाढवणारी’ गोळी किंवा इंजेक्शन देत असेल, तर तिथून सरळ निघून ये.

१६ किलोमीटरच्या चालीत ताशी ४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १५ मिनिटं. हा वेग तुला कठीण नाही. पण यात एकूण पाचशेच्या वर किलोकॅलरी उष्णता तयार होते, वर उन्हाची वेगळी. ती सगळी घामानेच जायची. म्हणून सुरुवातीला बर्फ खाल्लास तर पहिला तास सुखाचा जाईल, पुढे दर पाण्याच्या ठिकाणी दुपट्टा भिजवून मानेवर घ्यायचा, तहान लागेल तसं थोडं थोडं प्यायचं. सैल, फिक्या रंगाचे सुती किंवा जाळीचे कपडे घाल. ॲकॅडमीचा काळा ट्रॅकसूट फोटोपुरता ठीक आहे. पहिल्या दोन तासांत इतरांशी शर्यत लावू नकोस, इथे ठरलेल्या वेळात पोहोचायचं आहे. आणि ग्राउंडच्या रांगेत थांबताना छत्री उघडायची लाज वाटू देऊ नकोस. रांगेत हसणाऱ्या मुली दोन तासांनी तुझ्या छत्रीखाली येतील.

शेवटचा भाग तुझ्यासाठी नाही. तो तुझ्याबरोबर धावणाऱ्या मैत्रिणींना वाचायला दे, कारण ऊन लागलेल्या मुलीला स्वतःला काही कळत नसतं. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावताना दहाहून जास्त उमेदवारांचा जीव गेला. सगळी तुझ्यासारखीच, नोकरीच्या आशेने आलेली मुलं. भरतीत थांबणं म्हणजे हरणं असं वाटतं, म्हणून कुणी थांबत नाही. तेव्हा थांबवायचं काम दुसऱ्याने करायचं.

धावताना कुणी झोकांड्या खाऊ लागली, असंबद्ध बोलू लागली, विनाकारण चिडली, आपण कुठे आहोत ते तिला सांगता येईना, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. काखेत थर्मामीटर लावून वेळ घालवू नका, तो खोटं कमी तापमान दाखवतो. पॅरासिटामॉल उपयोगाची नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल. तिला सावलीत न्या, जाडे कपडे काढा आणि जेवढं गार पाणी मिळेल तेवढ्यात तिला बुडवा, फक्त डोकं वर धरून. गुरांच्या पाण्याचं टाकं चालेल. ते नसेल तर ताडपत्रीचे चार कोपरे चौघींनी उचला, मध्ये तिला निजवा, वरून पाणी आणि मिळेल तो बर्फ टाका. इथे निळा बर्फही चालतो. काहीच नसेल तर मोटारीच्या पाईपचं पाणी अंगभर सोडा आणि वारा घाला. आजी सर्दगर्मी म्हणून ओरडली तरी थांबू नका.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ नावाच्या गावी दर ऑगस्टला ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ जणांना अशाच गार पाण्याच्या टबात ठेवलं, आणि एकही दगावला नाही. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, हा तिथला क्रम. आपल्याकडे उलट होतं. पोरीला तापलेल्या जीपमध्ये घालून तालुक्याला पळवतात आणि हाताशी असलेली पहिली तीसेक मिनिटं रस्त्यात जातात.

एकीने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी पाणी चालू ठेवायचं. ती नीट बोलू लागली किंवा थंडीने कुडकुडू लागली तर पाणी थांबवून अंग पुसा, पण दवाखान्यात न्यायचं टाळू नका. नाहीतर गाडी मैदानात येऊन उभी राहीपर्यंत ओतत राहा.

— तुझी ताई